मॅकॉर्मॅकच्या तबकड्या: लाखेवरून फाइलीत

८ जून

खोका वांद्र्याच्या एका जुन्या घरातून आला. घरच्या आंटींना रेकॉर्ड नकोत, फाइली हव्यात. मुलगी कॅनडात असते, तिला पाठवायच्यात. "पानिस आंजेलिकुस तेवढं नीट कर रे बाबा, बाकीचं तुझ्या सवडीने," एवढीच अट. (ते एक लॅटिन भक्तिगीत.) बहुतेक तबकड्या एकाच गायकाच्या आहेत: जॉन मॅकॉर्मॅक, आयरिश टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक). असे खोके अजून बऱ्याच माळ्यांवर पडून आहेत, म्हणून काम करता करता टिपून ठेवतो.

पहिलं काम लावालावीचं. गाण्याच्या नावावरून लावायला गेलं की घोळ होतो, कारण हा माणूस आवडतं गाणं काही वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड करायचा. लेबलावरून लावलं की त्याची कारकीर्द आपोआप रांगेत उभी राहते. सर्वात जुनी एक ओडिऑन. ही १९०६ ते १९०९ मधली, म्हणजे तो मिलानहून शिकून आला आणि लंडनमध्ये काम शोधत होता तेव्हाची. मग अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीच्या 'रेड सील' लेबलाचा मोठा गठ्ठा, १९१० पासून पुढचा. शेवटी एचएमव्हीच्या लाल लेबलाच्या, डीए म्हणजे दहा इंची आणि डीबी म्हणजे बारा इंची.

व्हिक्टरच्या जुन्या रेकॉर्ड एकाच बाजूला वाजतात, पाठ कोरी. १९२३ पर्यंत त्यांच्या रेड सील अशाच होत्या. ६४ हजारांच्या क्रमांकाची दहा इंची एका डॉलरला, ७४ हजारांची बारा इंची दीड डॉलरला. त्याच वेळी ओडिऑन मात्र दोन्ही बाजूंना गाणं देत होती. तरी लोक व्हिक्टर घ्यायचे, कारण मुद्रण कितीतरी चांगलं.

लेबल फाटलं असेल तर घाबरू नका. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर क्रमांक कोरलेला असतो. टॉर्च आडवा धरला की दिसतो. वहीत तो उतरवून घ्या, पुढे प्रत्येक वादात तोच कामी येतो.

११ जून

धुणं. पावसाळा तोंडावर आणि निम्म्या रेकॉर्डवर बुरशी, खाचांमध्ये पांढरे ठिपके. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोनच थेंब, मऊ केसांचा ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. लेबलावर प्लास्टिकचं झाकण धरायचं, नाहीतर शाई पसरते.

एलपी धुवायची तयार बाटली बाजारात मिळते, तिला हात लावू नका. तिच्यात बहुधा स्पिरिट असतं, आणि स्पिरिट लाख विरघळवतं. एका दुसऱ्याच, आधीच फुटलेल्या रेकॉर्डच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहिला: बोट काळं झालं आणि चमक कायमची गेली. या तबकड्यांत लाख एक हिस्सा, बाकी दगडाची भुकटी, काजळी, कापसाचा तूस. लाखही आपल्याकडचीच; छोटा नागपूरच्या जंगलातून निघून मिर्झापूर-कलकत्त्याच्या वाटेने अमेरिकेत जायची. व्हिक्टरच्या न्यू जर्सीतल्या कॅम्डनच्या कारखान्यात तिच्यावर आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या गिरणीकामगाराच्या पोराचा, म्हणजे मॅकॉर्मॅकचा, आवाज उमटला आणि ती वांद्र्याला परत आली.

गिरणीकामगार हे अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. आईबाप दोघंही ॲथलोनच्या लोकरीच्या गिरणीत होते. १८८४ चा जन्म, घरात भरपूर भावंडं. शिष्यवृत्तीवर स्लायगोला शिकला, मग डब्लिनच्या प्रो-कॅथेड्रलमध्ये व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या पॅलेस्ट्रिना क्वायरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) उभा राहिला. १९०३ च्या फेश क्योल या आयरिश संगीत स्पर्धेत टेनर गटाचं सुवर्णपदक त्याला मिळालं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत जेम्स जॉइस, पुढे कादंबरीकार झालेला, उतरला होता. समोर ठेवलेली अनोळखी नोटेशन वाचून गायची पाळी आली तेव्हा जॉइस मंचावरून उतरून गेला, आणि त्याच्या हाती कांस्य आलं. बरं झालं म्हणायचं.

वाळवायला स्टीलच्या ताटाळ्यात उभ्या लावल्या. पंखा लांबून, ऊन नाही.

१५ जून

सुई. पहिला प्रयोग घरच्या एलपीच्या सुईवर केला आणि हाती फक्त खरखर आली. कारण सोपं आहे: ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या रेकॉर्डची, खाच एलपीच्या खाचेपेक्षा तिपटीने रुंद. एलपीची सुई भिंतींना टेकतच नाही, तळाला घसरते, आणि शंभर वर्षांची धूळ तळालाच असते. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल टोकाची सुई लागते. कार्ट्रिजसकट (सुई ज्यात बसते तो भाग) साडेनऊ हजार गेले, वर कुरिअर. वजन पाच ग्रॅमच्या आसपास. एलपीवाल्यांना हा आकडा ऐकून घाम फुटतो, पण जुन्या ग्रामोफोनचं पोलादी टोक याच तबकडीवर शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकून फिरत होतं.

दुसरी गोष्ट, आवाज स्टीरिओत घ्या आणि नंतर डावं-उजवं एकत्र करून मोनो करा. या रेकॉर्डमध्ये आवाज आडव्या हालचालीत आहे. उभ्या हालचालीत आहे तो केवळ कचरा, आणि दोन्ही बाजूंची बेरीज केली की तो आपसात कटतो. फुकटात निम्मी खरखर कमी. आधीच मोनो करून टाकलं तर हा पर्याय हातचा जातो. कधी एकच भिंत चांगली उरलेली असते, मग फक्त डावा किंवा फक्त उजवा चॅनल घेतलेला बरा.

चाचणीसाठी फ्रिट्झ क्राइस्लरबरोबरची व्हिक्टर घेतली. क्राइस्लर व्हायोलिनवर, हा गातोय. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर गायचं; अशा रेकॉर्डिंगमध्ये जागा कोणाला द्यायची हे पायांनी ठरायचं: गायक पुढे, मग तो थांबला की व्हायोलिनवाला पुढे सरकणार. ऐकताना ती सरकासरक जाणवते. व्हायोलिन मोठं झालं की कळतं, साहेब दोन पावलं पुढे आले.

२२ जून

वेग. यात पूर्ण आठवडा गेला, आणि नवख्या माणसाचा यातच जाणार.

'७८' हे आडनाव समजा, वय नव्हे. व्हिक्टरच्या त्या काळातल्या रेकॉर्ड ७६-७७ च्या आसपास कापलेल्या असतात. ७८ ला वाजवल्या की आवाज वर सरकतो, थोडा पातळ आणि घाईत येतो. मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' ऑपेरामधली 'इल मिओ तेसोरो' ही रेकॉर्ड घेतली (व्हिक्टर ७४४८४, कॅम्डन, ९ मे १९१६). हे गाणं बी फ्लॅट मेजर या पट्टीत लिहिलेलं. ७८ ला ते अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाने चढं येत होतं. ७६.६ वर आणलं आणि वाद्यवृंद जागेवर बसला.

पण वाद्यवृंदाचा ए (वाद्यं जुळवायचा स्वर) तेव्हा ४४० हर्ट्झलाच होता असं कोणी लिहून दिलेलं नाही. ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत १९३९ चं. ४३५ धरला तर आणखी वीस सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाचा, फरक. शेवटी निर्णय कानाने: शब्द बोलल्यासारखे कोणत्या वेगात वाटतात? मॅकॉर्मॅकच्या बाबतीत ही कसोटी भरवशाची आहे, कारण त्याचे उच्चार असे की गाणं थांबवून बोलू लागला तरी सांधा दिसू नये. वेग चुकला की आधी व्यंजनं खोटी वाटतात, सूर नंतर.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरा, 'चेंज पिच' नव्हे. दुसऱ्याने सूर तेवढा सरकतो, लय तिथेच राहते, आणि कंपाचा पोत पिठाळ होतो.

ज्यांना वाटतं दोन टक्क्यांनी काय बिघडतं, त्यांनी हाच तुकडा दोन्ही वेगांत लागोपाठ ऐकावा. ७८ ला एक चपळ, जरा नाकातला पोरगा ऐकू येतो. ७६.६ ला एकतीस वर्षांचा भरात आलेला गायक. 'आयरिश टेनर म्हणजे नाकात गाणारा' हा जो शेरा याच्या नावावर लागलाय, त्यात थोडा वाटा चुकीच्या वेगाचा असावा अशी मला दाट शंका आहे.

२९ जून

'टिपेररी'ची तबकडी (६४४७६, नोव्हेंबर १९१४). कडेपासून आत बोटभर चीर. प्रत्येक फेऱ्याला एक टक्, म्हणजे सेकंदाच्या पाऊण भागाला एक. आपोआप टकटक काढणारं फिल्टर लावलं तर त्याने टक् सोडला आणि ढोलाचे ठोके खाल्ले. मग हाताने. ऑडॅसिटीचं 'रिपेअर' एका वेळी १२८ सॅम्पलच (आवाजाची सुटी मोजमापं) दुरुस्त करतं. ९६ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९६ हजार सॅम्पलने, घेतलेल्या फाइलीत ते म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद, आणि चिरेचा टक् त्याहून लांब. ही एकच तबकडी ४४.१ ला पुन्हा घेतली, मग तेच १२८ सॅम्पल पुरले. बाहेरच्या कडेला, खाचा सोडून, पातळ गोंदाचा थेंब लावला म्हणजे चीर आणखी सरकू नये.

ही बाजू दुरुस्त करताना अनेकदा ऐकावी लागली आणि दर वेळी विचित्र वाटलं. महायुद्ध सुरू झालं, ब्रिटिश फौजेतली आयरिश पलटण हे गाणं म्हणत फ्रान्समध्ये उतरली, वर्तमानपत्राने ते छापलं, आणि काही महिन्यांतच याने व्हिक्टरसाठी ते गायलं. नावाजलेल्या गायकांपैकी पहिला. त्याच १९१४ मध्ये त्याने अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केला, १९१९ मध्ये ते मिळालं. मग ब्रिटिश साम्राज्यातले लोक त्याला पळपुटा म्हणू लागले. १९२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात ॲडलेडला 'गॉड सेव्ह द किंग' या ब्रिटिश राष्ट्रगीतावरून वाद पेटला आणि त्याने उरलेला दौरा गुंडाळला. लंडनच्या मंचावर तो परत उभा राहिला १९२४ मध्ये. त्यांच्या सैनिकांचं गाणं घरोघर पोचवणाऱ्यावरच राजद्रोहाचा ठपका. आंटींच्या खोक्यात दोन्ही सापडतं: 'टिपेररी' पण, आणि आयरिश बंडखोरांची गाणी पण, एकाच पुठ्ठ्याच्या पाकिटात.

६ जुलै

खरखर काढण्याचा दिवस, आणि या सगळ्या उद्योगातला सर्वात महाग धडा. पैशाने नव्हे, वेळेने.

'इल मिओ तेसोरो' ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमधून (खरखर कमी करणाऱ्या फिल्टरमधून) काढली. कोऱ्या खाचेचा नमुना दिला, बारा डेसिबल, स्वच्छ. इतकी स्वच्छ की हेडफोनमध्ये पोकळी वाटावी. आता या रेकॉर्डची ख्याती कशात आहे ते सांगतो. गाण्याच्या मध्यावर 'तोर्नार' या शब्दावर तानेचा लांबच लांब पट्टा आहे. बहुतेक टेनर मध्ये कुठेतरी श्वास चोरतात, काही उघड घेतात. मॅकॉर्मॅक तो सबंध एका दमात काढतो, आणि काढताना कुठेही पळत नाही. प्रत्येक स्वर सुटा, मोजता येईल असा. आपल्याकडे दमसासावर जीव टाकणाऱ्या कोणालाही ही जागा ऐकवा, दाद हाताने येते.

स्वच्छ केलेल्या फाइलीत ही जागा आली तेव्हा काहीच वाटलं नाही. दोनदा ऐकल्यावर कळलं: सॉफ्टवेअरने गाण्यातले सगळेच श्वास पुसले होते. श्वासाचा आवाज आणि खरखर यांचा पोत जवळपास सारखा, त्यामुळे यंत्राला दोन्ही कचराच. आधीच्या ओळींत तो जिथे छाती भरून हवा घेतो ते 'हफ्' गेलं. मग पुढे त्याने श्वास घेतला नाही, याला अर्थच उरला नाही. सगळा गायकच बिनश्वासाचा झाला.

गाण्याच्या सुरुवातीपर्यंत परत. या वेळी चार डेसिबल, आणि तेही २५० हर्ट्झच्या खाली आणि चार हजारांच्या वर जास्त, मध्ये जवळजवळ काही नाही. कर्ण्यातून रेकॉर्ड केलेल्या तबकडीत अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच; तिथली खरखर निर्धास्त कापा. खालची घरघर मोटरची, तीही कापा. पण ज्या पट्ट्यात माणूस आहे त्या पट्ट्यातली खरखर राहू द्या. कान दहा सेकंदांत तिला विसरतात.

या हिशोबाने आधी केलेल्या सगळ्या फाइली पुन्हा कराव्या लागल्या. म्हणून मूळ, काहीही न केलेली फाइल नेहमी वेगळी ठेवा. डिस्क स्वस्त आहे.

१४ जुलै

वाकडी तबकडी. १९१० ची 'आय हिअर यू कॉलिंग मी' (व्हिक्टर ६४१२०) ताटलीसारखी वर आलेली; ७८ ला सुई उडते. ४५ ला शांत वाजली. मग सॉफ्टवेअरने वेग वाढवायचा, ७६.६ ला ४५ ने भागून. पण क्रम पाळा: फोनो प्रीॲम्पने (टर्नटेबलचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या यंत्राने) आवाजाला आरआयएए हा एलपीसाठी ठरवलेला वक्र लावलेला असतो, खालचे स्वर फुगवून आणि वरचे दाबून. तो आधी उलटा करून काढा, नंतर वेग बदला. उलट क्रमाने केलं की वक्र चुकीच्या जागी सरकतो आणि गाणारा ब्लँकेटमधून गातोय असं वाटतं. कर्ण्याच्या काळातल्या रेकॉर्डना असा वक्र नव्हताच, आरआयएए तर पन्नाशीच्या दशकातलं. शक्य असेल तर वक्र न लावणारा सपाट प्रीॲम्प घ्या, ही कटकटच नको.

या गाण्याचं १९२७ मध्ये मायक्रोफोनवर केलेलं रूपही खोक्यात आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवली. आधीच्यात आवाज कोवळा, आणि शेवटी तो हलक्या आवाजात वर जातो तिथे कर्ण्याला ते पकडता येईल का अशी धास्ती वाटते; पकडलंय, केसभर. नंतरच्यात मायक्रोफोन सगळं टिपतो, श्वास, ओठ, खोली. आवाज मात्र जड झालेला. १९२२ मध्ये घशाचा भयंकर संसर्ग झाला होता, त्यातून उठला, पण वरचा सप्तक पूर्वीसारखा राहिला नाही. तंत्र सुधारलं तेव्हा आवाज उतरणीला लागला होता. मला विचाराल तर १९१० ते १९२० चा व्हिक्टरचा गठ्ठा हाच खरा ऐवज, कर्णा असो वा नसो.

ऑपेरात तो फार रमला नाही. १९०६ मध्ये सवोनात 'लामिको फ्रिट्झ'मधून सुरुवात केली, तीही 'जोव्हानी फोली' या इटालियन थाटाच्या नावाने (होणारी बायको लिली फोली, तिच्या माहेरचं नाव). १९०७ मध्ये लंडनचं कोव्हेंट गार्डन, १९०९ मध्ये न्यूयॉर्कला गायिका टेट्राझिनीबरोबर 'ला त्राव्हिआता', पुढच्या वर्षी तिथलंच मेट्रोपॉलिटन ऑपेरा. अभिनय बेताचा, हे तो स्वतःच म्हणायचा. मैफलीत पियानोवर एडविन श्नायडर आणि हातात शब्दांची छोटी वही, एवढं दिलं की हा राजा. आधी हेंडेल-मोझार्ट, मग जर्मन गीतं, मग आयरिश लोकगीतं, आणि शेवटी लोक ज्यासाठी आलेत ती रडवी गाणी. आपल्या मैफलीतली भैरवी आधी ऐकून कोणी गायकाची किंमत ठरवली तर जे होईल, तेच याचं झालं. ह्यूगो वोल्फची गीतं याने किती समजून गायलीत ते 'गानीमेड' ऐकल्यावर कळतं.

२१ जुलै

आंटींचं 'पानिस आंजेलिकुस'. एचएमव्ही, बारा इंची, सर्वात झिजलेली. घरातली सर्वाधिक वाजलेली तबकडी हीच. उजवी भिंत खलास, डाव्या चॅनलवरून घेतली. वक्र हाताने ठरवला, खालचे स्वर उचलायला सुरुवात २५० हर्ट्झच्या आसपास.

आंटींचं म्हणणं, ही १९३२ ची, डब्लिनच्या फीनिक्स पार्कमधली. त्या वर्षी युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिक मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी, २६ जूनला, त्याने तिथे लाखोंच्या समोर हे गायलं होतं. तोवर पोपने त्याला काउंट हा सरदारी किताब दिला होता (१९२८). पण ही रेकॉर्ड स्टुडिओतली आहे. मोकळं मैदान नाही, भोंग्यांचा प्रतिध्वनी नाही, खोकणारं कोणी नाही. फोनवर सांगितलं.

"स्टुडिओ काय आणि पार्क काय. माझे पप्पा सांगायचे पार्क, तर पार्क."

फाइलीच्या माहितीत 'स्टुडिओ' लिहिलं. पाकिटावर पप्पांच्या अक्षरात 'डब्लिन १९३२' आहे, त्याचा फोटो सोबत जोडला. दोन्ही राहू देत.

२ ऑगस्ट

शेवटच्या एचएमव्ही झाल्या. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला निरोपाची मैफल झाली होती, पण युद्ध लागल्यावर तो रेड क्रॉससाठी आणि बीबीसीवर पुन्हा गायला, आणि १९४२ पर्यंत जेराल्ड मूरच्या पियानोवर रेकॉर्ड करत राहिला. फुप्फुसं तोवर एम्फिसीमाने पोखरलेली. इथे श्वास मध्येच येतात, ओळीच्या पोटात, शब्दाच्या आधी. चार डेसिबलवरही ऐकू येतात. यांना सॉफ्टवेअर अजिबात लावलं नाही. फक्त वेग तपासला. या काळात ७८ म्हणजे खरोखर ७८. मृत्यू १६ सप्टेंबर १९४५, डब्लिनजवळ बूटर्सटाउनच्या घरी.

खर्च: सुई-कार्ट्रिज साडेनऊ हजार, सपाट प्रीॲम्प चार हजार, डिस्टिल्ड वॉटर-ब्रश-नवी कागदी पाकिटं हजाराच्या आत. पाकिटं आम्लविरहित कागदाची घ्या, जुनी जपून ठेवा पण वेगळी.

राहिलेली एकच, ओडिऑन. आकार दहा आणि बारा इंचांच्या मधला, त्यामुळे आपोआप सुई टेकवणारा टर्नटेबल तिला चुकवतो; हाताने ठेवावी लागते. मागची साथ इतकी ढोबळ आणि बेसूर की कोणता ए धरायचा ते ठरत नाही. उच्चारांची कसोटीही चालत नाही, कारण तेविशीतल्या मॅकॉर्मॅकचे उच्चार अजून पुढच्यासारखे घोटलेले नव्हते. त्याच मुद्रणाची दुसरी प्रत मिळेपर्यंत ती बाजू तीन वेगांत ठेवली आहे, ७६, ७८ आणि ८०, आणि वेग फाइलीच्या नावातच घातला आहे.